हाका ऐकू येत्यात

एक माणूस बरा होत होता आणि मला ते बघवत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्या भावापायी हे सगळं झालं त्यालाही नाही.

तो माणूस माझा वैरी नव्हता. आमचा त्याचा बांध एक नव्हता, भावकी एक नव्हती. आम्ही उंब्रजजवळचे मराठे, उसाचे बागायतदार. घरटी एखादा तरी फौजेत. तो जतकडचा धनगर. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन आमच्याकडं यायचा आणि ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरांचा वाडा टाकायचा. मेंढरं रात्री ज्या रानात बसतात तिथं त्यांचं खत पडतं, म्हणून आमच्याकडं मेंढरं बसवायला बोलावतात. त्याचा बाप आमच्या वडिलांच्या काळात यायचा, मग तो यायला लागला. मला तो ‘आण्णा’ म्हणायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. त्याची बायको आमच्या आईला ‘आक्का’ म्हणायची. आपसात ती दोघं कानडीत बोलायची आणि आम्ही गेलो की मराठीत यायची, पण भांडणात पुन्हा कानडीच.

माझा धाकटा भाऊ फौजेतून वेळेआधी परत आला. गावात आम्ही सांगितलं, पेन्शन घेऊन आला. खरं असं की आजारामुळं त्याला फौजेच्या मेडिकल बोर्डानं घरी पाठवला होता. उसाच्या फडात कुणीतरी वायरलेसवर त्याचं नाव घेतंय असं त्याला वाटायचं. तो बांधावर उभा राहायचा, ताठ, फडाकडं तोंड करून. जेवायला बोलावलं तर बोट ओठावर ठेवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही सांगायचो, रानडुकरं येत्यात म्हणून राखतोय.

त्याला दाखवायला आम्ही सांगली धरली. सातारा जवळ नव्हतं असं नाही, कराड तर हाकेच्या अंतरावर. पण साताऱ्यात बहिणीचं सासर, कराडात प्रत्येक मेडिकलवाला ओळखीचा. मी स्वतः कारखान्याच्या शेती खात्यात, दिवसभर शंभर माणसांशी गाठ. सांगलीत आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, एवढ्याच गुणावर आम्ही तिथला डॉक्टर निवडला. नशिबानं माणूस चांगला निघाला. म्हातारा, बारीक आवाजाचा, खुर्चीत जरा तिरका बसणारा.

दोन-तीन वर्षं औषध चाललं. धाकट्याचं बोट ओठावरून खाली आलं, पण फडाकडचं बघणं काही सुटलं नाही. आमच्याशी तो कामापुरतं बोलायचा. पाणी, भाकरी, दार लाव. पूर्वी आम्ही एका ताटात जेवलेले भाऊ. आता मी खोलीत गेलो की तो उठून जायचा.

मग एका हिवाळ्यात तो धनगर आजारी पडला, आमच्याच रानात. मेंढरांकडं पाठ करून बसायला लागला. मेलेल्या बापाशी बोलायचा, मध्येच शिव्या द्यायचा. बरोबरचे धनगर लांबून हाका मारायचे, तर मान वर करायचा नाही. मेंढपाळाला हाक ऐकू येणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या एका जागी बसून शेती करणाऱ्याला पटकन कळत नाही. माळावर एक इकडं, एक पलीकडं वघळीत, खोल घळीत. दिसत कुणीच नाही. लांडगं आलं, पाणी सापडलं, मेंढरू चुकलं, सगळं हाकेवर. लांब हेल काढून एक ओरडतो, दुसरा तसाच हेल काढून परत देतो. ज्याला हाक ऐकू येत नाही तो त्यांच्या हिशेबात माणसातनं उठला. हे मला त्याच्या बायकोनंच सांगितलं, त्याच हिवाळ्यात, आमच्या गोठ्यासमोर उभी राहून रडत रडत.

“आण्णा, त्येला हाक ऐकू येत न्हाई वं. कान चांगलं हायत. पर हाक ऐकू येत न्हाई.”

हे तिचं वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं.

त्यांनी देवाला नेलं, अंगारा लावला. आमच्या गावात पारावर बोलणं निघालं तेव्हा सगळ्यांचं एकच मत. धनगराच्या अंगात वारं येतंच, त्यात आजार कसला? त्यात माझंही मत होतं, आणि मी ते हसून मांडलं होतं. घरात माझा सख्खा भाऊ तीच लक्षणं घेऊन बसलेला. पण आमचं ते दुखणं आणि त्यांचं ते वारं.

आईनं मात्र त्याला एकदा नीट बघितलं आणि घरी येऊन मला म्हणाली, “त्येचं डोळं आपल्या धाकल्यागत झाल्यात.”

“काहीतरीच काय, आई.”

“काहीतरी न्हाई. मी रोज बघती ते डोळं. पुढच्या खेपेला त्येला बी गाडीत घे.”

मी कां-कूं केलं. आमच्या गाडीत, सांगलीला, म्हणजे त्या बाईला कळणार की आम्ही कुठं जातो. आई म्हणाली, “कळू दे. ती काय आपली सोयरीक मोडणार हाय?”

असे आम्ही पाच जण एका गाडीतून गेलो. पुढं मी आणि धाकटा, मागं आई आणि ती नवराबायको. घोंगड्याचा वास गाडीभर. मी काच खाली केली. धाकट्यानं आपल्या बाजूची काच वर घेतली आणि मागं वळून त्या माणसाला विचारलं, “गार लागतंय का रं?” घरात महिनोन्महिने न बोलणारा भाऊ. मला तिथंच काहीतरी टोचलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना एकदमच आत बसवलं. त्यांची ती पद्धतच होती, माणसं एकमेकांसमोर जास्त खरं बोलतात म्हणायचे. आवाज येतात का, भास होतात का, असलं ते विचारायचे नाहीत. “काल दिवसभर काय केलंस?” एवढंच विचारायचे आणि ऐकत बसायचे. मग म्हणाले, “विडी, तंबाखू, दारू?”

ती बाई बोटांवर मोजत सांगायला लागली. “विडी वडतोय. तंबाखू हाय. दारू जत्रंला, आणि लोकर इकली की. भांग एकदा. मला एकदा मारलं, मी बी मारलं.”

डॉक्टर हसले. “कुणाला जास्त लागलं?”

“त्येलाच,” ती म्हणाली. तिचा नवरा खाली बघत होता, पण त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

मग आमच्याकडं वळून तेच विचारलं. आई पदर सारखा करत म्हणाली, “न्हाई बाई. आमच्या घरात कुणी शिवत न्हाई असल्याला.”

डॉक्टर म्हणाले, “बघा हं. विडी-सिगारेटच्या धुरानं ही गोळी अंगातनं लवकर निघून जाते. ओढत असेल तर डोस वेगळा धरावा लागतो. म्हणून विचारतो, हौस म्हणून नाही.” बोलताना ते माझ्याकडं बघत होते.

धाकटा गोठ्यामागं दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढायचा. फौजेतली सवय. थोटकं मीच उचलून टाकायचो, आईला दिसू नयेत म्हणून. मी म्हणालो, “नाही डॉक्टर.”

दोघांना एकच गोळी मिळाली. त्याची विडी धरून, धाकट्याची सिगारेट न धरता. त्याची बायको म्हणाली, आमी चालती माणसं, दर म्हैन्याला कसं येणार? तेव्हा डॉक्टरांनी वाटेत कुठं कुठं मुक्काम पडतो ते विचारून तेवढ्या गोळ्या बांधून दिल्या. तिनं त्या कनवटीला लावल्या.

उन्हाळा गेला, पावसाळ्यात ते जतला होते. दिवाळीनंतर मेंढरं परत आली आणि तो पुढं चालत होता. खांद्यावर काठी आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. मला बघून लांबूनच ओरडला, “आण्णा, रान कंचं?” मला आनंद व्हायला हवा होता. मी आनंद दाखवलाही. घरी येऊन चहा घेताना मात्र कप बशीवर आपटला. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, साखर जास्त झाली.

तोच डॉक्टर, तीच गोळी, गाडीही माझीच. माझ्या भावानं शिक्षण घेतलं होतं, परेड केली होती, दूधतूप खाल्लं होतं. आणि बरा कोण झाला, तर हा. माझ्या मनात हे वाक्य अगदी असंच यायचं, त्याच्या जातीसकट. मी ते तेव्हा स्वतःशीही मान्य करत नव्हतो, पण रोज यायचं. रानात त्याचं हसणं ऐकू आलं की मला वाटायचं, हे हसणं आमच्या घरातनं उचलून नेलंय.

यात भर म्हणजे धाकटा त्याच्याकडं जाऊन बसायला लागला. सकाळी उठून वाड्यावर. तो सूत कातायचा, धाकटा बघत बसायचा. पुढं पुढं धाकट्यानं मेंढरांना हाक मारायला शिकून घेतलं. मी मोटर चालू करायला गेलो की उसाआडून दोघांचं बोलणं कानावर यायचं.

“फौजी, तुजी हाक बाद. मेंढरं पळून जातील असल्यानं.”

“मग कशी मारायची?”

“पोटातनं. तू गळ्यातनं मारतोस. परेड न्हवं ही.”

“पोटातनं मारली तर बायको येईल का रं एखादी?”

“मेंढी ईल. तिच्यासंगं कर संसार.”

आणि मग माझा भाऊ हसला. किती दिवसांनी, ते मी मोजलं नव्हतं. मी उसातून पुढं झालो. दोघंही गप्प झाले. तो धनगर उठून उभा राहिला, रानाचा मालक आला म्हणून. धाकटाही उभा राहिला, पण तो का, ते कळलं नाही. मी उगाच म्हणालो, “मोटर बघायला आलो होतो.” परत येताना पाठीमागं ते हसणं पुन्हा सुरू होईल म्हणून मी पावलं सावकाश टाकली. झालं नाही. माझं अंतर पुरेसं झालं नसणार.

आईला म्हणालो, “त्याच्या अंगाला मेंढरांचा वास मारायला लागलाय.”

“मारू दे. हसतोय तरी.”

“आपल्याशी का हसत नाही मग?”

 ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला म्हाताऱ्या डॉक्टरांनी काम थांबवलं. प्रकृती साथ देईना, मुलाकडं गेले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला. हुशार, टापटीप, बाहेर रांग वाढली की सारखा दाराकडं बघणारा. वाईट माणूस मी त्याला आजही म्हणणार नाही. आम्ही पूर्वीसारखे सगळे एकत्र गेलो, मेंढरं जतकडं परतायच्या आधीची खेप. त्यानं आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या. ती नवराबायको उभीच राहिली आणि ते आम्हाला कुणालाच वावगं वाटलं नाही.

आधी धाकट्याचं. मी कारखान्यातला हुद्दा सांगितला, धाकट्याची फौज सांगितली. डॉक्टर त्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला, धाकट्यानं नीट उत्तरं दिली. डॉक्टर मला म्हणाला, “मला हा ताणाचा प्रकार वाटतो. नोकरीतला ताण. एवढ्या जड औषधाची गरज आहे असं वाटत नाही, हळूहळू कमी करू.” ताण. किती सोयीचा शब्द. पाहुण्यांत सांगता येईल असा. मी आणि आईनं एकमेकांकडं बघितलं. वायरलेसचं आम्ही बोललोच नाही, सिगारेटचं तर नाहीच.

मग त्यांचं. डॉक्टरनं त्या बाईला विचारलं, “याला काही आवाज ऐकू येतात का?”

तिचा चेहरा फुलला. तिला वाटलं, हेच तर सांगायला आलोय. “व्हय! आता हाका ऐकू येत्यात त्येला.”

“हाका? कुणाच्या?”

“कुणाच्या बी. लांबलांबच्या.”

“माणूस समोर नसताना?”

“समोर कुठला? पार पल्याडचा. दिसत बी न्हाई.”

“आणि हा त्या हाकांना उत्तर देतो?”

“देतोय की! लगीच उठून जातोय त्या अंगाला. आदी न्हवतं येत. आता लय झ्याक ऐकू येत्यात.” आणि मग हर्षानं ती नवऱ्याला कानडीत काहीतरी बोलली. तोही हसला, मान हलवली.

डॉक्टर लिहायचं थांबला. त्याला थोडी शंका आली असावी, कारण त्यानं लेखणी ठेवून माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला यांचं बोलणं कळतं ना? त्या म्हणतात ते असंच ना, की याला हाका ऐकू येतात, माणूस नसताना, आणि हा उठून जातो?”

गोठ्यासमोरचं तिचं रडणं मला आठवलं. धाकटा माझ्या शेजारी बसला होता आणि त्याची नजर त्या धनगरावर होती. प्रेमानं बघत होता. त्या नजरेतलं थोडंसुद्धा आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

मी म्हणालो, “हो.”

एवढंच म्हणालो. शब्दाला शब्द बघितला तर खोटंही नव्हतं.

डॉक्टर पुन्हा लिहायला लागला. लिहिता लिहिता मला समजावून सांगितलं, मला, त्यांना नाही. “आजार वाढलाय. यांची शरीरं काटक असतात, दिवसभर चालणारी माणसं, साध्या डोसनं यांना काही होत नाही. शिवाय आज इथं, उद्या कुठं. गोळ्यांचा भरवसा नाही. महिन्याचं इंजेक्शन सुरू करू, जरा जास्त ताकदीचं.” ती बाई कनवटीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढून दाखवत होती, एकही चुकवली नाही म्हणून. डॉक्टरनं बघितल्या नाहीत. मी बघितल्या.

बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, “बरं झालं आण्णा, सुई दिली. सुई लवकर गुन देती.”

पावसाळाभर ती त्याला जतहून एसटीनं सांगलीला नेत होती, हे मला नंतर कळलं. एकही महिना तिनं सोडला नाही.

आमच्या घरी तोवर धाकट्याच्या गोळ्या कमी झाल्या होत्या आणि ओठावरचं बोट परत आलं होतं. आई म्हणायची, ताण वाढलाय. आम्ही तो शब्द इतका वापरला की खरा वाटायला लागला.

दिवाळीनंतर मेंढरं आली. पुढं ती चालत होती. काठी तिच्या खांद्यावर. तो मागं, कुत्र्यांच्याही मागं, लहान लहान पावलं टाकत, हात अंगाला चिकटलेले. तोंडाच्या कडेनं लाळ येत होती आणि ती पुसायला हात वर यायला वेळ लागत होता. चेहऱ्यावर कसलीच रेघ हलत नव्हती. मी म्हणालो, “काय पाव्हणं?” त्यानं माझ्याकडं बघायला मान वळवली नाही, अख्खं अंग वळवलं, खांब फिरवावा तसं. मग म्हणाला, “आण्णा.” पुढं काही आलं नाही.

संध्याकाळी धाकटा वाड्यावर गेला आणि लगेच परत आला. कितीतरी महिन्यांनी तो माझ्याशी आपणहून बोलला. “आण्णा, गड्याला काय केलं त्यांनी?”

‘त्यांनी’ म्हणाला. त्याच्या मनातले वायरलेसवाले की डॉक्टर, मला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोठ्याकडं आली. या वेळी रडली नाही. “आण्णा, हाका ऐकू येत्यात त्येला. पर वळता येत न्हाई. उत्तर द्याला जातोय, तर हाकच निघत न्हाई तोंडातनं. मेंढरं आता माज्या मागं येत्यात.” मग म्हणाली, “तुमी हुता की तितं. मी काय चुकीचं सांगिटलं का वं डाक्टरला?”

“नाही,” मी म्हणालो. “तू काही चुकीचं सांगितलं नाहीस.”

“मग देवाचंच कायतरी ऱ्हायलं असंल.”

तिनं हात जोडले आणि ती गेली. देवावर ढकललेलं मी तसंच राहू दिलं.

त्या आठवड्यात मी कारखान्यातून रजा घेऊन एकटा सांगलीला गेलो. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला सगळं सांगितलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं ते असं. मेंढपाळांत हाक म्हणजे काय. आजारात त्याला ती ऐकू येत नव्हती आणि बरा झाला तेव्हा यायला लागली. ती बाई तुम्हाला आजार वाढल्याचं सांगत नव्हती, उतरल्याचं सांगत होती. त्यांच्यात ‘हाका ऐकू येतात’ म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

डॉक्टरचा चेहरा उतरला. त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, “गोळ्या देता येतील ताठपणा कमी करायला. पण इंजेक्शन एकदा अंगात गेलं की परत काढता येत नाही. उतरेपर्यंत वाट बघायची.” आणि थोड्या वेळानं, “त्या दिवशी तुम्ही खोलीत होता ना?”

“होतो.”

“मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“तुमच्या लक्षात आलं नव्हतं?”

“तेव्हा नाही आलं,” मी म्हणालो. “नंतर विचार करताना आलं.”

त्यानं मान डोलावली. वर माझे आभार मानले, मुद्दाम एवढ्या लांब आलात म्हणून. निघता निघता मी धाकट्याच्या सिगारेटीचंही सांगून टाकलं, आणि वायरलेसचंही. चोरानं पळताना हातातलं थोडं खाली टाकावं तसं. डॉक्टरनं त्याचं औषध पहिल्यापासून नीट लावलं, धूर धरून. पुढच्या खेपेला त्यानं त्या बाईला स्वतः खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, “काल दिवसभर यानं काय केलं?” हे कुणाकडून शिकला, की आपलं आपण सुचलं, माहीत नाही.

सावकाश, फार सावकाश, त्याची मान सुटत गेली. लाळ थांबली. पावलं जरा मोठी पडायला लागली. आता तो मेंढरांबरोबर जातो. पण उजव्या हाताला कंप राहिलाय, सूत कातताना तुटतं. आणि हाक पूर्वीसारखी पोटातून येत नाही. अर्ध्यावर फाटते. त्याची बायको पुढं राहून हाक देते, तो मागून मेंढरं वळवतो. धाकट्याचं म्हणाल तर बोट पुन्हा खाली आलंय. फडाकडं तो अजून बघतो, पण कमी. माझ्याशी चार वाक्यं बोलतो. त्या गड्याशी मात्र चाळीस. ती चाळीस वाक्यं आजही माझ्या कानाला लागतात. हेवा गेला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तो गेलेला नाही. लहान झालाय, एवढंच.

परवाच्या हिवाळ्यात ती बाई घरी आली. हातात नवं घोंगडं, काळं, किनारीला पांढरी रेघ. त्यांच्या मेंढरांच्या लोकरीचं, मुद्दाम विणून घेतलेलं. आईच्या हातात न देता तिनं ते माझ्यासमोर धरलं.

“कशाला हे?” मी म्हणालो.

“डाक्टरनं सांगिटलं मला. तुमी एकलं जाऊन त्येला हाक म्हंजे काय ते समजावलं म्हून. न्हाईतर माझा दादला त्या सुयांनीच गेला असता. आमचं बोलणं तितं कोन वळखणार वं? तुमी वळखलं.”

आई माझ्याकडं अभिमानानं बघत होती. बायकोही. मी म्हणालो, “अगं, त्यात काय.” आणि घोंगडं घेतलं. न घेता काय करणार होतो? न घ्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

घोंगडं मी अंगावर घेत नाही. धाकटा घेतो. फडाच्या बांधावर ते पांघरून बसतो आणि वाड्यावरून हाक आली की उठून जातो. माणूस दिसत नसतो, ऊस मधे असतो, तरी त्याला ती ऐकू येते. मी घराच्या पायरीवरून बघतो.

त्या बाईला मी एक वाक्य देणं लागतो. तिच्या नवऱ्यासमोर, माझ्या भावासमोर आणि माझ्या आईसमोर तिला सांगायचं, की डॉक्टरनं मला विचारलं त्या दिवशी, त्या खोलीत, हाक म्हणजे काय ते मला माहीत होतं. मेंढरं यंदाही आमच्याच रानात बसलीत. मी अजून सांगितलेलं नाही.